सासऱ्यांची हॅट

माझ्या सासऱ्यांची मान आधी लाल झाली, मग काळी पडली आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिथली कातडी जाड होऊन तिला घड्या पडल्या. कानांच्या पाळ्याही तशाच झाल्या. ते दिवसभर खाजवत. जेवताना डावा हात मानेवर असे. घरात कोणी काही विचारलं की म्हणत, "घामोळं हाय." घामोळं थंडीत कसं राहील, असं त्यांना विचारायची सोय नव्हती. निदान मला तरी नव्हती.

आमचं घर विंझरच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत. भाताची खाचरं, दोन म्हशी, मागे गोठा. मी लग्न होऊन आले ती भोरमधून. भोरला शिवणाचा क्लास केलेला होता, म्हणून मशीन बरोबर आणलं आणि अजूनही ब्लाऊज, फॉल-पिको घरीच करते. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामा माझ्याशी बोलत नसत असं नाही, पण सरळ बोलत नसत. मी समोर उभी असले तरी आत्यांना सांगत, "तिला म्हणावं, च्या ठेव." आत्या मला सांगत आणि मी चहा ठेवी. मीही उत्तर आत्यांनाच देई. हा काही राग नव्हता. घराची रीत होती आणि तिची सवय झाली की त्यात काही वाटत नाही.

शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांना बळेच भोरला डॉक्टरांकडे नेलं. कातडीच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मानेकडे पाहिलं, बांधावर काय उगवतं ते विचारलं आणि सांगितलं की ही गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे. ते पांढऱ्या फुलांचं गवत आमच्याकडे बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मागे, सगळीकडे आहे. मामा ते वर्षानुवर्षं हाताने उपटत आले होते. गवताची भुकटी अंगावर बसते आणि वरून ऊन लागलं की आग वाढते, असं बाईंनी समजावलं. मलम दिलं, गोळ्या दिल्या. लांब बाह्यांचा शर्ट घाला म्हणाल्या. आणि टोपीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही चालणार नाही, बाबा. हिनं कानही झाकले जात नाहीत आणि मानही नाही. चारी बाजूंनी काठ असलेली हॅट घाला."

हे सगळं मला नवऱ्याने रात्री जेवताना सांगितलं. मामा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हॅट घालायला म्या काय कलेक्टर हाय?"

मामांची पांढरी टोपी अंघोळीला आणि झोपताना सोडली तर डोक्यावरून उतरत नसे. तिला खळ देऊन इस्त्री करायचं काम माझ्याकडे होतं. लग्नकार्यात मानाची म्हणून मिळालेल्या नव्या टोप्यांनी पेटीचा एक कोपरा भरलेला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी त्यांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं.

माझा नवरा नीरा नदीच्या पुलापलीकडे एका कंपनीत प्लास्टिकच्या मोल्डिंगवर आहे. मोटारसायकलने जातो. सारोळ्याला रस्त्याकडेला एक जण दोरीवर टोप्या आणि हॅटी टांगून विकतो. तिथून त्याने एक हॅट आणली. तपकिरी, लोकरीच्या नमद्याची, म्हणजे लोकर दाबून दाबून जसं जाड कापड करतात तशी, वर खोलगट आणि भोवती चांगला रुंद काठ. आत्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यात कोंबडी बशंल अंड्यावर."

मामांनी ती दोन दिवस खुंटीवर राहू दिली. मानेची आग फार झाली तेव्हा घातली, पण पांढरी टोपी काढून नव्हे. टोपी डोक्यावर तशीच आणि तिच्यावर हॅट. हॅट मोठ्या मापाची होती, म्हणून बसली. काठाखालून पांढऱ्या टोपीची कड दिसत होती. आम्ही कोणी हसलो नाही. ते दूध घालायला डेअरीवर गेले, तिथे मात्र लोक हसले. आमच्याकडे शनिवार-रविवारी पानशेतला पुण्याचे लोक येतात, त्यांच्या डोक्यावर असल्या हॅटी असतात. त्यावरून कोणीतरी म्हणालं, "काय पाव्हणं, पानशेतला रूम घेतली का?" मामा घरी आले, हॅट खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "डेअरीवर आता पोराला धाडा."

पण शेतात ते हॅट घालत राहिले. त्या थंडीत मानेची आग थोडी उतरली. मलमाने की हॅटने, ते सांगता येणार नाही.

मग एके दिवशी दुपारी अवकाळी आला. मामा वरच्या खाचरात हरभऱ्याला गेले होते. परत येईपर्यंत हॅट पार भिजली. आत्यांनी ती पिळली आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. साडी वाळत घालावी तशी. दुसऱ्या दिवशी तिचा आकार गेला होता. ती आटली होती, काठ कानाच्या बाजूंनी खाली लोंबत होता आणि वरचा भाग सुकलेल्या दोडक्यासारखा झाला होता. मामांनी टोपीवर घालून पाहिली. आत जाईना. "बरं झालं," म्हणाले आणि गोठ्यात एका मेखेला अडकवून दिली. आत्या मला म्हणाल्या, "टाकून दे."

हरभरा काढणीला आला तेव्हा मामा टोपीवर टॉवेल गुंडाळून जाऊ लागले. वाकलं की टॉवेल सुटे. आठवड्याभरात मान पुन्हा चिघळली, यावेळी पाणी सुटायला लागलं. मग ते घरात बसले. दारं-खिडक्या लावून, मधल्या अंधाऱ्या खोलीत. काढणी आत्या, मी आणि मजुरीला लावलेल्या बायांनी केली. दुपारी घरी आलं की मामा त्याच जागी, त्याच भिंतीला टेकलेले असत. रेडिओही लावत नसत. मला ते बघवत नव्हतं असं म्हणणार नाही, पण ते बरं दिसत नव्हतं.

मी गोठ्यातून हॅट आणली.

नमदा वाफेवर मऊ पडतो हे मला ठाऊक होतं, कारण क्लासमध्ये कोटाच्या लोकरी कॉलरला वाफ देऊन आकार देतात. एका दुपारी मी कुकरमध्ये नुसतं पाणी घातलं, शिट्टी काढून ठेवली आणि तोटीतून वाफ यायला लागल्यावर हॅट तिच्यावर धरली. हात भाजला. पण नमदा मऊ पडला आणि ओढला की थोडा थोडा सुटायला लागला. आम्ही डाळ शिजवतो ती तपेली उलटी घातली आणि तिच्यावर हॅट ओढून बसवली. तळाशी सुतळी आवळून बांधली. काठावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. मग मामांच्या टोप्यांना देते तीच भाताची पेज गाळून काठाला लावली आणि वाळायला ठेवली.

संध्याकाळी काठ कडक झाला होता, पण तपकिरी रंगावर सगळीकडे पांढरे पापुद्रे आले होते. कोंडा पडल्यासारखे. आत्यांनी हॅट मामांसमोर ठेवली. त्यांनी उचलून घातली, मान हलवून पाहिली, काढली आणि आत्यांना म्हणाले, "म्होरं-मागं चिमटा घेतीया. बाजूला वारं शिरतंय."

ती चूक माझ्या लक्षात आली. तपेली गोल होती. डोकं गोल नसतं.

आता माप घ्यावं लागणार होतं. मी टेप आत्यांच्या हातात दिला. कपाळापासून मागे किती, कानापासून कानापर्यंत किती, भोवती किती, ते सांगितलं. आत्यांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी म्हटलं, जिथे टेप संपेल तिथे बोटाने धरून ठेवा, मी पाहते. आत्यांनी टेप डोक्याभोवती नेला, तो टोपीवरून घसरला, बोट सुटलं. पुन्हा नेला. पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी आत्या वैतागल्या.

"अवो, जरा नीट बसा की. मुंडी कशाला हलवताय?"

"म्या कुठं हलवतोय? तुझाच टेप सरकतोय."

मी दाराशी उभी होते. मामांनी घसरलेला टेप टोपीवरून काढला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सूनबाई, तूच घे माप. न्हाईतर रात व्हायची हितंच."

मी पदर सावरला आणि पुढे गेले. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कपाळावर जिथे टोपीची कड असते तिथे एक सरळ रेघ होती. रेघेखाली उन्हाने रापलेला काळा चेहरा आणि वर गोरं, तुळतुळीत डोकं. मागे थोडे पांढरे केस. डाव्या बाजूला कानाच्या वर बोटभर लांब खोक होती, जुनी, पांढरी पडलेली. मी टेप लावताना तिथे जरा थांबले असेन. मामा म्हणाले, "खोंडानं मारलं हुतं. ल्हान हुतो तवा."

"टाके घातले होते का?" मी विचारलं.

"कुठलं टाकं? आईनं हळद भरली आन् चिंधी बांधली. दुसऱ्या दिशी त्याच खोंडाला पानी पाजाया मलाच धाडलं. बा म्हनला, आज न्हाई गेलास तर जनमभर भ्याशील."

"मग गेलात?"

"गेलो. लांबून बादली सरकावली आन् पळालो."

आत्या हसल्या. त्यांना ही गोष्ट ठाऊक असणारच, पण हसल्या. मी तिन्ही मापं घेतली. समोरून मागचं माप बाजूच्या मापापेक्षा बरंच जास्त भरलं. मग त्यांनी टोपी घातल्यावर तीच मापं पुन्हा घेतली, कारण हॅट टोपीवरच बसायची होती, त्याबद्दल कोणाला काही विचारायची गरज नव्हती.

त्या रात्री नवरा कामावरून आला तेव्हा मी तपेलीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला जुन्या लुगड्याच्या घड्या बांधत होते. टेप लावून बघायचं, कमी पडलं की आणखी एक घडी घालायची. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "कंपनीत आम्ही साच्यासाठी मुंबईहून माणूस बोलावतो."

"मग याला काय नावं ठेवायची ती ठेवा."

"नावं नाही ठेवत. एक सांगतो. गरम असताना साच्यावरून काढू नको. गार होऊ दे. आमचा माल गरम काढला की वेडावाकडा होतो." आधीच्या वेळी मी हॅट उन्हात वाळल्याबरोबर, ती ऊब असतानाच ओढून काढली होती. हे मी त्याला सांगितलं नाही.

खळीचा प्रश्न राहिला होता. पेज पांढरी पडते, मैद्याची खळही पांढरी पडणार. सकाळी हे मी आत्यांशी बोलत होते, तर मामा आतून म्हणाले, "आमच्या घोंगड्यांना चिच्चोक्याची खळ असायची. लोकरीचीच हुती की ती बी. नवं घोंगडं भिंतीला उभं केलं तर उभं ऱ्हायचं." हे वाक्य त्यांनी कोणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. आत्या उठल्या आणि माळ्यावरून चिंचोक्यांचं गाठोडं काढलं. चिंच फोडल्यावर त्या चिंचोके कधी टाकत नाहीत.

चिंचोके भाजले, सालं काढली, रात्रभर भिजवले, शिजवले आणि मिक्सरमध्ये घातले. मिक्सरने असा आवाज केला की आता गेला असं वाटलं. दोन वेळा फडक्यातून गाळून फिकट गुलाबीसर, बुळबुळीत अशी खळ निघाली. आत्यांनी त्यात तुरटीचा खडा फिरवला. "न्हाईतर झुरळं कुरतडत्यात," म्हणाल्या. आधीची पेज मी ओल्या फडक्याने पुसून काढली, हॅट पुन्हा वाफेवर धरली आणि नव्या साच्यावर ओढली. यावेळी ती ओढताना आत्यांनी तपेली धरली आणि मी दोन्ही हातांनी खाली ओढत गेले. बांधली. काठ पाटावर पसरून, ओल्या फडक्यावरून इस्त्री केली. मग खळ फक्त काठाच्या खालच्या बाजूला आणि आतून लावली, पातळ, दाढी करायच्या जुन्या ब्रशने. हॅट वरच्या बाजूने कोरडीच ठेवली. सावलीत वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावला नाही.

काठ सपाट राहिला. बोटाने दाबला तर वाकत होता आणि सोडला की परत जागेवर येत होता. कडेला रंग थोडा गडद झाला होता आणि चिंचेचा आंबूस वास येत होता. तो पुढे काही दिवस राहिला. मामांनी टोपीवर हॅट घातली. मान इकडे-तिकडे केली. खाली वाकले, जमिनीवरून काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि सरळ झाले. हॅट जागेवर होती.

"बसली," म्हणाले. हॅट काढून काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पावसाचं काय?"

"पावसात घालायची नाही, मामा. पावसाला छत्री आहे."

"व्हय," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते शेतात जाऊ लागले. मान पूर्ण बरी झाली नाही, ती कधी होईल असं डॉक्टर बाईंनीही सांगितलेलं नाही. पण पाणी सुटायचं थांबलं. बांधावरचं गवत आता नवरा हातमोजे घालून काढतो आणि मामा लांब उभे राहून कुठे राहिलंय ते दाखवतात. डेअरीवरही जायला लागले. तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी पुन्हा पानशेतचं बोललं, तेव्हा मामांनी हॅट काढून त्याच्या हातात दिली आणि घालून बघायला सांगितलं. त्याच्या नाकापर्यंत आली. हे आम्हाला तोच माणूस घरी येऊन सांगून गेला.

उन्हाळ्यात भोरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. भर दुपारचा मुहूर्त, मैदानात मांडव. मामा सकाळपासून हॅट घ्यावी की नाही या विचारात होते. खुंटीपाशी दोनदा जाऊन आले. शेवटी आत्या म्हणाल्या, "घाला. आग झाली म्हंजी पंगतीत निम्म्यातनं उठाल." ते हॅट घालून गेले. धोतर, पांढरा शर्ट आणि तपकिरी हॅट. मांडवात लोक बघत होते. मग मानपान सुरू झाले. आमच्याकडे मानाच्या माणसांना टोपी-टॉवेल देतात. नावं पुकारत होते, एकेक जण पुढे जात होता. मामांचं नाव आलं. ते पुढे गेले. मुलीच्या चुलत्याने नवी पांढरी टोपी उलगडली आणि त्याचा हात हवेतच थांबला. घालायची कुठे ते त्याला कळेना. मामाही हॅट काढेनात, कारण खाली आधीच एक टोपी होती आणि ती सगळ्यांसमोर दिसली असती. मागे रांग खोळंबली. शेवटी त्या माणसाने नवी टोपी हॅटच्या वर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, नमस्कार केला. फोटोवाल्याने फोटो काढला. मांडव हसला. मामा वर एक टोपी, मध्ये हॅट, खाली एक टोपी अशा थाटात जागेवर परत येऊन बसले आणि आत्यांना म्हणाले, "पडली तर न्हाई न्हवं?"

तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. मामांनी नवऱ्याच्या मोबाईलवर पाहिला, मोठा करून मागितला आणि काठ सरळ दिसतोय का ते नीट बघितलं.

त्यानंतर वरच्या आळीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. मी त्यांना काकी म्हणते. ब्लाऊजचं माप द्यायचं निमित्त होतं, पण ब्लाऊजचं कापड आणलंच नव्हतं. पदर मागे करून त्यांनी मला मान दाखवली. तीच मान, तेच काळे चट्टे, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या. मी भोरच्या बाईंचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाबरोबर जाऊन आल्या आणि त्यांनाही तेच सांगितलं गेलं.

"हॅट घाला म्हनत्यात," काकी म्हणाल्या. "पोरगं म्हनतंय, बाईमाणसानं हॅट घातली तर गावात त्वांड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई."

मामा ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "मान त्याची जळतीया का तुमची?"

नवऱ्याने सारोळ्याहून आणखी एक हॅट आणली. काकींचं माप मी पदरावरून घेतलं, कारण पदर डोक्यावर राहणारच होता. साच्याच्या घड्या कमी केल्या, चिंचोक्यांची खळ पुन्हा केली. यावेळी मिक्सर गेला. शेवटचा घाणा आत्यांनी पाट्यावर वाटला. हॅट तयार झाली, तेव्हा मामांनी ती काकींच्या हातात दिली आणि काठ कुठे धरायचा, घाम आला की आत फडकं कसं ठेवायचं, वाळत घालताना चिमटा का लावायचा नाही, हे सगळं सांगितलं. आत्या चिमट्याच्या वेळी दुसरीकडे बघत होत्या.

काकी हॅट घरी नेत नाहीत. ती आमच्या गोठ्यात असते. सकाळी त्या वैरणीला निघाल्या की आमच्या मागच्या बाजूने येतात, हॅट घेतात, पदरावर घालतात आणि बांधावरून जातात. दुपारी परतताना पुन्हा मेखेला लावतात आणि थोडं पाणी पिऊन घरी जातात. त्यांच्या मुलाला हे माहीत असावं. आमचा गोठा मागच्या वाटेवरून दिसतो आणि तो रोज त्याच वाटेने जातो. अजून तरी तो काही बोललेला नाही.